सभागृहाचा जाबता : भारतीय संसदेचे नियम, खर्च आणि आचार यांचा इतिहास

'जाबता' हा शब्द मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांनी सांभाळला आहे. शिवकालीन कानुजाबत्यात प्रधानांची कामे नेमून दिलेली आढळतात. उर्दूत 'जाब्ता' म्हणजे कार्यपद्धती. हैदराबाद संस्थानातील न्यायालयांत 'जाब्ता-ए-दीवानी' आणि 'जाब्ता-ए-फौजदारी' हे शब्द वकिलांच्या रोजच्या तोंडचे होते. कायदा काय करावे ते सांगतो आणि जाबता ते कोणी, केव्हा व कोणत्या क्रमाने करावे ते सांगतो. राज्यशास्त्राच्या वर्गात कायद्याविषयी भरपूर बोलले जाते, जाबत्याविषयी फारसे बोलले जात नाही. संसद कायदे कसे करते हे विद्यार्थी पाठ करतो. परंतु संसद स्वतःला कोणत्या नियमांनी बांधून घेते, तिचे नोकर कोणाचे हुकूम मानतात, तिचा खर्च कोण मंजूर करतो आणि तिच्या सदस्याने लाच घेतली तर त्याचा न्याय कोण करतो, हे प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या परिच्छेदात आटोपले जातात.

वास्तविक कायदेमंडळाचे स्वातंत्र्य याच चार प्रश्नांच्या उत्तरांत असते. भारतात ही उत्तरे एकाच दिवशी, म्हणजे २६ जानेवारी १९५० रोजी मिळाली असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. पहिल्या तीन उत्तरांसाठी संविधानापूर्वी पंचवीस-तीस वर्षे झगडा चालला होता आणि चौथे उत्तर आजही पूर्ण मिळालेले नाही.

नियम कोणाचे ?

१८६१ च्या कौन्सिल कायद्याने गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलात बिनसरकारी सभासद घेण्याची सोय झाली, पण कौन्सिलाने केवळ पुढे आलेल्या विधेयकांपुरते बोलावे असे बंधन होते. कारभाराविषयी प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याचा व अंदाजपत्रकावर बोलण्याचा मर्यादित हक्क दिला. अंदाजपत्रकावर मत देण्याचा हक्क मात्र दिला नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कौन्सिलात केलेले अंदाजपत्रकावरील पहिले भाषण अभ्यासकांना परिचित आहे. सरकारच्या शिलकी अंदाजपत्रकाची त्यांनी आकडेवारीनिशी चिरफाड केली. परंतु भाषण संपल्यावर मतदान व्हायचे नव्हते, कारण मुळात जाबत्यातच त्याला जागा नव्हती. भाषण कितीही प्रभावी असले तरी नियम दुसऱ्याच्या हातात असतील तर वक्त्याच्या हातात काही उरत नाही, ही गोष्ट गोखल्यांच्या पिढीने अनुभवाने ओळखली. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याचा आणि मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारण्याचा हक्क दिला. तथापि या हक्कांचे नियम ठरवणारा अखेरचा हात सरकारचाच राहिला.

१९१९ च्या कायद्यान्वये १९२१ साली मध्यवर्ती विधानसभा व राज्यपरिषद अशी दोन सभागृहे अस्तित्वात आली. येथे नियमांचे दोन थर होते. मुख्य नियम गव्हर्नर-जनरल आपल्या कौन्सिलासह करी आणि त्यांना भारतमंत्र्याची संमती लागे. त्यांच्या खालचे स्थायी आदेश सभागृहाला बदलता येत, पण त्या बदलालाही गव्हर्नर-जनरलची मान्यता लागे. पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट हे नेमलेले होते. सरकारी हिशेब तपासणारी लोकलेखा समिती १९२१ पासूनच काम करू लागली, पण तिच्या अध्यक्षपदी सरकारचा अर्थसदस्य बसे. ज्याचा हिशेब तपासायचा तोच तपासनीस, अशी ही व्यवस्था होती व ती १९५० पर्यंत टिकली.

विठ्ठलभाई पटेल आणि १९२९ चे वर्ष

ऑगस्ट १९२५ मध्ये सभागृहाने प्रथमच आपला अध्यक्ष निवडला. विठ्ठलभाई पटेल ५८ विरुद्ध ५६ अशा अवघ्या दोन मतांनी विजयी झाले. ते स्वराज्य पक्षाचे. निवडून आल्यावर मात्र त्यांनी पक्षाशी असलेला संबंध सोडला. अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा नसतो, हा आज आदर्श म्हणून सांगितला जाणारा संकेत भारतात त्यांच्यापासून रूढ झाला.

त्यांची कसोटी सार्वजनिक सुरक्षा विधेयकाने पाहिली. परदेशी साम्यवादी कार्यकर्त्यांना देशाबाहेर घालवण्याचा अधिकार सरकारला हवा होता. सप्टेंबर १९२८ मध्ये हे विधेयक विचारात घेण्याच्या प्रस्तावावर ६१ विरुद्ध ६१ अशी समान मते पडली. अध्यक्षांनी आपले निर्णायक मत विरोधात दिले व प्रस्ताव फेटाळला गेला. १९२९ च्या आरंभी सरकारने विधेयक पुन्हा आणले. मध्यंतरी मीरत कटाचा खटला उभा राहिला होता. खटल्यातील आरोप आणि विधेयकाचा आधार एकच असल्याने न्यायप्रविष्ट बाबींना स्पर्श न करता या विधेयकावर चर्चा होऊ शकत नाही, तेव्हा सरकारने खटला तरी मागे घ्यावा किंवा विधेयक तरी लांबणीवर टाकावे, असे विठ्ठलभाईंनी सुचवले. ८ एप्रिल १९२९ रोजी ते या प्रश्नावर आपला निर्णय देण्याच्या बेतात असतानाच भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले. स्फोटाच्या आवाजात त्या दिवशीचा हा दुसरा संघर्ष इतिहासाच्या पुस्तकांतून झाकला गेला आहे.

विठ्ठलभाईंनी आपला निर्णय ११ एप्रिलला दिला आणि विधेयकावरील पुढील प्रस्ताव नियमबाह्य ठरवला. दुसऱ्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी दोन्ही सभागृहांपुढे भाषण करून अशा रीतीने विधेयक अडवण्याचा अधिकार अध्यक्षाला राहू नये म्हणून नियम बदलण्याचा इरादा जाहीर केला. १३ एप्रिलला तोच मजकूर वटहुकूम म्हणून निघाला. अध्यक्षाने नियमाचा अर्थ लावला, तो सरकारला गैरसोयीचा झाला, म्हणून सरकारने नियमालाच हात घातला. नियम करण्याचा अधिकार सभागृहाबाहेर असला म्हणजे काय होते याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरा झगडा नोकरवर्गाचा होता. सभागृहाचे चिटणीस व कारकून हे सरकारच्या विधी खात्याचे नोकर होते. बढती, बदली व गोपनीय शेरा हे सर्व त्या खात्याच्या हाती. अध्यक्षाला सल्ला देणारा चिटणीस सरकारचा मिंधा असेल तर सल्लाही तसाच मिळणार. २२ सप्टेंबर १९२८ रोजी पं. मोतीलाल नेहरू यांनी सभागृहासाठी स्वतंत्र खाते असावे असा ठराव मांडला व तो संमत झाला. त्यानुसार १० जानेवारी १९२९ रोजी विधानसभा खाते अस्तित्वात आले. कागदोपत्री ते गव्हर्नर-जनरलच्या अखत्यारीत होते, पण प्रत्यक्ष नियंत्रण अध्यक्षांचे होते. आजचे लोकसभा सचिवालय या खात्याचे थेट वारस आहे. संविधानाच्या कलम ९८ मध्ये प्रत्येक सभागृहाला स्वतंत्र सचिवालय असेल असे म्हटले आहे. हे छोटे वाक्य १९२९ च्या या लढ्याचा सारांश आहे.

विठ्ठलभाईंनी १९३० मध्ये पद सोडल्यानंतर सर मुहंमद याकूब, मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला, आर. के. षण्मुखम् चेट्टी आणि १९३५ पासून दहा वर्षे सर अब्दुर रहीम यांनी अध्यक्षपद सांभाळले. राजकीय मते परस्परांपासून भिन्न असलेल्या या मंडळींच्या हाताखाली स्वतंत्र खात्याची व्यवस्था टिकून राहिली. एखादी संस्था व्यक्तीच्या धैर्यातून जन्मते, पण पुढच्या माणसांनी ती मोडली नाही तरच रुजते. या दुसऱ्या कामाचे श्रेय इतिहासलेखनात सहसा कोणाला दिले जात नाही.

बडोद्यात जन्मलेले मावळंकर

गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्याचा. घराणे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे, कर्मभूमी अहमदाबाद. गुजरातमध्ये पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबातील हा वकील १९३७ ते १९४६ मुंबई विधानसभेचा अध्यक्ष होता. २४ जानेवारी १९४६ रोजी मध्यवर्ती विधानसभेने त्यांना ६६ विरुद्ध ६३ मतांनी अध्यक्ष निवडले. प्रतिस्पर्धी होते सर कावसजी जहांगीर. स्वातंत्र्यानंतर संविधान सभा कायदेमंडळ म्हणून बसे तेव्हा, पुढे हंगामी संसदेत आणि १५ मे १९५२ पासून पहिल्या लोकसभेत तेच अध्यक्ष होते. लोकसभेतील निवडणूकही बिनविरोध नव्हती. विरोधकांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांना उभे केले होते. मावळंकरांना ३९४ व मोरे यांना ५५ मते पडली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निर्वाचित लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी दोन मराठी माणसे समोरासमोर होती, ही बाब फारशी कोणाच्या लक्षात नसते.

संविधानाच्या कलम ११८(१) ने प्रत्येक सभागृहाला आपली कार्यपद्धती व कामकाज चालवण्याचे नियम करण्याचा अधिकार दिला. नवे नियम होईपर्यंत काय, याचे उत्तर ११८(२) मध्ये आहे. संविधानापूर्वीच्या कायदेमंडळाचे नियम पीठासीन अधिकाऱ्याने केलेल्या फेरबदलांसह चालू राहतील, असे ते उत्तर. मावळंकरांनी या तात्पुरत्या अधिकाराचा पुरेपूर उपयोग केला. पहिल्या लोकसभेसाठीचे नियम एप्रिल १९५२ मध्ये राजपत्रात आले. अंदाज समिती १० एप्रिल १९५० पासून आणि कामकाज सल्लागार समिती १९५२ पासून काम करू लागली. डिसेंबर १९५३ मध्ये शासकीय आश्वासनांची समिती व दुय्यम विधानांची समिती स्थापन झाली. लोकलेखा समितीतून अर्थमंत्री बाहेर पडले आणि ती अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाला देण्याचा संकेत सुरू झाला व मिनू मसानी हे त्या परंपरेतील पहिले अध्यक्ष.

यांपैकी आश्वासनांची समिती ही जाबत्याचे महत्त्व सांगण्यास सर्वांत उपयुक्त. मंत्री सभागृहात 'माहिती गोळा केली जात आहे' किंवा 'विचार केला जाईल' असे म्हणून वेळ मारून नेतात. ही समिती अशा वाक्यांची नोंद ठेवते आणि ती पूर्ण झाली की नाही याचा पाठपुरावा करते. मंत्र्याचे तोंडी वाक्य यामुळे कागदावरचे देणे ठरते.

नियम बदलण्याची पद्धतही समजून घेण्याजोगी आहे. अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली पंधरा सदस्यांची नियम समिती असते. तिच्या शिफारशी पटलावर ठेवल्या जातात. सात दिवसांत कोणीही दुरुस्तीची सूचना दिली नाही तर सभागृहाने त्या मान्य केल्या असे समजले जाते. अर्थात, सदस्य जागरूक नसतील तर महत्त्वाचा बदलही चर्चेशिवाय नियमपुस्तकात जाऊन बसू शकतो. राज्यसभेने तर स्वतःचे नियम करण्यास एक तप घेतले. कलम ११८(१) खालील तिचे नियम १ जुलै १९६४ पासून लागू झाले. त्या वेळी सभापती होते डॉ. झाकिर हुसेन. तोपर्यंत वरिष्ठ सभागृह जुन्या नियमांवरच, फेरबदल करीत, काम चालवीत होते.

मावळंकरांच्या कारकिर्दीतील आणखी एक प्रकरण नमूद केले पाहिजे. संसद भरण्याच्या तोंडावर वटहुकूम काढण्याची सरकारची सवय त्यांना मान्य नव्हती. १९५० पासून त्यांनी याविषयी सरकारशी आणि १९५४ मध्ये खुद्द पंतप्रधान नेहरूंशी पत्रव्यवहार केला. वटहुकूम हा लोकशाहीला धरून नसलेला मार्ग असून अत्यंत निकडीखेरीज तो वापरू नये, वाईट पायंडे पडले तर पुढे ते मोडता येणार नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सरकारच्या अडचणी नेहरूंनी पुढे केल्या. हा वाद पूर्ण मिटला नाही, पण वटहुकुमाच्या जागी विधेयक आणताना तो तातडीने का काढावा लागला याचे निवेदन सभागृहापुढे ठेवण्याचा नियम लोकसभेच्या नियमपुस्तकात आहे. त्याच मावळंकरांवर १८ डिसेंबर १९५४ रोजी पक्षपाताचा आरोप करून त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला आला आणि फेटाळला गेला. अध्यक्षपद टीकेच्या पलीकडे नाही, हेही त्या दिवशी नोंदले गेले. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

खर्चाची किल्ली

नियम आपले, नोकर आपले, पण पैसा दुसऱ्याच्या तिजोरीत असेल तर स्वातंत्र्य अपुरे राहते. संविधानाने याचा विचार तीन ठिकाणी केला आहे. कलम ११२(३) नुसार लोकसभेचे अध्यक्ष व उपाध्यक्ष, तसेच राज्यसभेचे सभापती व उपसभापती यांचे वेतन भारताच्या संचित निधीवर प्रभारित आहे. या खर्चावर चर्चा होऊ शकते, पण मतदान होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या वेतनालाही हेच संरक्षण आहे. हेतू उघड आहे. ज्याच्या निर्णयाने बहुमत नाराज होऊ शकते त्याचे वेतन बहुमताच्या हातात असू नये. सचिवालयांचा उरलेला खर्च मात्र इतर खात्यांप्रमाणे मागण्यांच्या रूपाने मंजूर होतो. त्यांवर सभागृहात सहसा वादचर्चा होत नाही.

कलम ९८ नुसार सचिवालयातील नोकरभरती व सेवाशर्ती यांविषयी संसदेने कायदा करावयाचा आहे. असा कायदा आजवर झालेला नाही. राष्ट्रपतींनी पीठासीन अधिकाऱ्याशी विचारविनिमय करून केलेल्या नियमांवर काम चालते. लोकसभा सचिवालयाचे हे नियम १९५५ चे आणि राज्यसभा सचिवालयाचे १९५७ चे आहेत. तात्पुरती सोय कायमची कशी होते याचे हे एक उदाहरण.

तिसरे कलम १०६, म्हणजे सदस्यांचे वेतन. ते संसदेने कायद्याने ठरवावयाचे आहे. १९५४ च्या कायद्याने खासदाराला दरमहा ४०० रुपये वेतन व अधिवेशनकाळात दररोज २१ रुपये भत्ता ठरला. पुढे वाढ झाली की दर वेळी एकच आक्षेप येई : आपला पगार आपणच वाढवून घेणारे दुसरे नोकर देशात कोठे आहेत ? या आक्षेपाला उत्तर म्हणून २०१८ च्या वित्त कायद्याने वेतन दरमहा एक लाख रुपये करून दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढ व्हावी अशी तरतूद केली. त्यानुसार मार्च २०२५ च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२३ पासून वेतन १ लाख २४ हजार रुपये झाले. वाढीचा निर्णय सदस्यांच्या हातून निघून सूत्राकडे गेला, ही सुधारणा आहे. परंतु मुळातली रक्कम व सूत्र ठरवणारे हात तेच होते, हेही विसरता येत नाही. ब्रिटनमध्ये कॉमन्स सभागृहाच्या सदस्यांचे वेतन २००९ च्या कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र संस्था ठरवते. भारतात तशी व्यवस्था नाही.

आचार : मुदगल प्रकरण आणि नंतर

सर्वांत कठीण प्रश्न चौथा. सदस्यानेच पद विकले तर ? हंगामी संसदेपुढे तो १९५१ मध्ये उभा राहिला. मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी बाँबे बुलियन असोसिएशनकडून आर्थिक लाभाच्या बदल्यात संसदेत प्रश्न विचारणे, दुरुस्त्या मांडणे व मंत्र्यांच्या भेटी घडवून आणणे असे व्यवहार केल्याचा आरोप होता. ते सत्ताधारी पक्षाचे होते. चौकशी समितीचा प्रस्ताव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला. जून १९५१ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची समिती नेमली गेली. के. टी. शहा, सय्यद नौशेर अली, जी. दुर्गाबाई आणि हैदराबादचे काशिनाथराव वैद्य हे तिचे अन्य सदस्य. वैद्य पुढे १९५२ मध्ये हैदराबाद विधानसभेचे अध्यक्ष झाले. समितीने साक्षी घेतल्या, मुदगल यांना बाजू मांडू दिली आणि वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधक असल्याचा निष्कर्ष काढला. प्रत्यक्ष हाती पडल्याचे समोर आलेली रक्कम २,७०० रुपये होती.

सप्टेंबर १९५१ मध्ये अहवालावर चर्चा सुरू असताना मुदगल यांनी राजीनामा दिला. राजीनामा दिला म्हणजे विषय संपला, असे सभागृहाने मानले नाही. ते हकालपट्टीस पात्र होते आणि राजीनामापत्रातील भाषा हा सभागृहाचा अवमान आहे, असा ठराव संमत झाला. या प्रकरणातील तीन गोष्टी अभ्यासकाने टिपून ठेवाव्यात. कारवाई सत्ताधारी पक्षाच्या सदस्यावर झाली, चौकशी समितीत भिन्न मतांची माणसे होती आणि आरोपीला बचावाची पूर्ण संधी मिळाली.

हकालपट्टीचा अधिकार संविधानात शब्दाने लिहिलेला नाही. तो कलम १०५(३) मधील विशेषाधिकारांतून येतो. ते अधिकार संसदेने कायद्याने ठरवेपर्यंत ब्रिटिश कॉमन्स सभागृहाचे असतील तसे असतील, असे मूळ कलम होते. ४४ व्या घटनादुरुस्तीने कॉमन्सचा उल्लेख गेला, आशय तोच राहिला. विशेषाधिकारांची संहिता अद्याप झालेली नाही. संहितेच्या अभावी हे अस्त्र राजकीय वैरासाठीही वापरता येते. १५ नोव्हेंबर १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, राज्यसभेने सुब्रमण्यम स्वामी यांचे सदस्यत्व रद्द केले. १९ डिसेंबर १९७८ रोजी जनता पक्षाचे बहुमत असलेल्या लोकसभेने इंदिरा गांधी यांचे सदस्यत्व रद्द करून त्यांना तुरुंगात पाठवले. ७ मे १९८१ रोजी, बहुमत बदलल्यावर, लोकसभेने तो निर्णय रद्द केला. न्याय बहुमताबरोबर फिरत असेल तर त्याला न्याय म्हणणे अवघड.

यावर उपाय म्हणून स्थायी नैतिकता समितीची कल्पना आली. राज्यसभेत ती ४ मार्च १९९७ रोजी सभापती के. आर. नारायणन यांनी स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष शंकरराव चव्हाण हे नांदेडचे, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात कायदा शिकलेले. या समितीच्या कामातून चौदा कलमी आचारसंहिता आली व हितसंबंधांची नोंदवही सुरू झाली. कंपनीचे सवेतन संचालकपद, सल्लागारी किंवा व्यवसाय यांची माहिती सदस्याने तीत द्यावयाची असते. लोकसभेत समिती २००० मध्ये आली आणि नियमपुस्तकात तिला कायम स्थान २०१५ मध्ये मिळाले.

डिसेंबर २००५ मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण दाखवले. प्रश्न विचारण्यासाठी सदस्य पैसे घेत होते. अकरा दिवसांत, २३ डिसेंबरला, लोकसभेने दहा व राज्यसभेने एका सदस्याची हकालपट्टी केली. ती वेगवेगळ्या पक्षांची माणसे होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जानेवारी २००७ रोजी राजा राम पाल खटल्यात घटनापीठाने हकालपट्टीचा अधिकार बहुमताने मान्य केला. मात्र त्याचबरोबर एक महत्त्वाची मर्यादाही सांगितली. कलम १२२ नुसार कार्यपद्धतीतील अनियमिततेची चौकशी न्यायालय करणार नाही, परंतु निर्णय ढळढळीत बेकायदेशीर किंवा घटनाबाह्य असेल तर न्यायालयाचे दार बंद नाही. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने आणखी एक पाऊल टाकले. मत किंवा भाषण यासाठी लाच घेणाऱ्या सदस्याला संसदीय विशेषाधिकाराचे कवच मिळणार नाही, असे सांगून १९९८ चा उलट निकाल त्यांनी रद्दबातल ठरवला.

दरम्यान ८ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेने नैतिकता समितीच्या अहवालावरून विरोधी पक्षाच्या महुआ मोईत्रा यांचे सदस्यत्व रद्द केले. आरोप प्रश्नांशी व संसदीय खात्याचा संकेतशब्द दुसऱ्यास देण्याशी संबंधित होता. अहवाल ज्या दिवशी मांडला गेला त्याच दिवशी मतदान झाले. वाचून उत्तर देण्यास पुरेसा वेळ मिळाला नाही, अशी विरोधकांची तक्रार होती. आरोपांविषयी मतभेद असू शकतात. परंतु मुदगल प्रकरणी अहवाल आणि निर्णय यांत जो अवधी मिळाला होता त्याची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. 'अनैतिक वर्तन' म्हणजे नेमके काय, याची व्याख्या लोकसभेच्या नियमांत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रकरणात मापही नवे आणि मापणारेही नवे.

लिहिलेला जाबता व पाळलेला जाबता

विठ्ठलभाईंच्या काळात नियमांना धोका बाहेरून, व्हाइसरॉयच्या कचेरीतून होता. संविधानानंतर तो दरवाजा बंद झाला. पण सभागृहाचे नियम सभागृहाचे बहुमत स्थगित करू शकते, आणि त्या बहुमताचे नेतृत्व सरकारकडे असते. जुलै १९७५ मध्ये आणीबाणीतील पहिल्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास, लक्षवेधी सूचना आणि खाजगी सदस्यांचे कामकाज स्थगित करून केवळ सरकारी कामकाज घेण्याचा ठराव झाला. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविडच्या कारणाने प्रश्नोत्तरांचा तास घेतला गेला नाही, लेखी उत्तरे मात्र देण्यात आली. दोन प्रसंगांची कारणे व परिस्थिती भिन्न आहेत आणि त्यांना एका तागडीत घालणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि दोन्ही वेळी सर्वप्रथम बाजूला झाला तो सरकारला जाब विचारणारा तास, एवढे साम्य नजरेतून सुटत नाही.

संविधानाच्या कलम ९३ नुसार लोकसभेने शक्य तितक्या लवकर अध्यक्ष व उपाध्यक्ष निवडावयाचे असतात. सतराव्या लोकसभेने (२०१९-२०२४) आपला संपूर्ण कार्यकाल उपाध्यक्षाविना काढला. असे पूर्वी कधी घडले नव्हते. शिस्तीच्या बाबतीतही हेच. डिसेंबर २००१ मध्ये लोकसभेने ३७४-अ हा नियम केला व गोंधळ घालणाऱ्या सदस्याच्या आपोआप निलंबनाची तरतूद आणली. सभागृहाच्या हौद्यात उतरून कामकाज बंद पाडणाऱ्यांना आवर घालणे आवश्यकच होते आणि तो दोष सर्व पक्षांचा आहे. परंतु डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले आणि नव्या फौजदारी संहितांची विधेयके त्यांच्या अनुपस्थितीत लोकसभेत संमत झाली. ज्या कायद्यांनी देशाचा फौजदारी जाबता बदलला, ते अशा अर्ध्या रिकाम्या बाकांपुढे मंजूर व्हावेत, याची नोंद इतिहासाला करावी लागेल.

नियम करण्याचा अधिकार मिळवणे आणि केलेला नियम स्वतःला गैरसोयीचा असतानाही पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट विठ्ठलभाई पटेल, मोतीलाल नेहरू आणि मावळंकर यांच्या पिढीने करून दाखवली. दुसरीचा एक नमुना १९५१ मध्ये आढळतो, जेव्हा प्रचंड बहुमत असलेल्या पंतप्रधानाने आपल्याच पक्षाच्या सदस्याविरुद्ध चौकशीचा प्रस्ताव मांडला. वर्गात कलम ११८ शिकवताना ते कलम एका ओळीत सांगून पुढे जाण्याऐवजी एप्रिल १९२९ चे ते तीन दिवस सांगितले, तर त्या ओळीची किंमत विद्यार्थ्याला कळेल. मग पुढचा प्रश्न तो स्वतःच विचारील : व्हाइसरॉयने नियम बदलला तेव्हा तो अन्याय होता, तर बहुमताने नियम बाजूला ठेवला तर त्याला काय म्हणावे ? या प्रश्नाचे उत्तर नियमपुस्तकात लिहिलेले नाही, प्रत्येक लोकसभेला ते आपल्या वागणुकीने द्यावे लागते.